एका बाजूस दूध कमी : मातेची शंका आणि तिचे निरसन

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे गाव सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी वसलेले आहे. चैत्रातील यात्रेला आणि नवरात्रात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येणारे भाविक गडावरच्या अठरा हातांच्या देवीला 'आई' म्हणूनच हाक मारतात. गडाच्या खालचा हा टापू आता द्राक्षबागांनी व्यापलेला आहे. ऑक्टोबरातील छाटणीपासून मार्च-एप्रिलमधील खुड्यापर्यंत या बागांतून हाताला उसंत नसते. डहाळ्यांची विरळणी, घडांची विरळणी, घड औषधाच्या पाण्यात बुडविणे, खुडा व प्रतवारी ही बहुतेक कामे स्त्रियांच्या हातून होतात. गावातील स्त्रियांबरोबरच सुरगाणा व पेठ या डोंगराळ तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात, आणि त्यांत अंगावर पिणारे मूल असलेल्या माताही असतात.

अशा मातांपैकी अनेकींच्या मनात बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत एक शंका डोकावते. एक बाजू भरलेली, जड वाटते. दुसरी मात्र सैल आणि रिकामी. एका बाजूला बाळ समाधानाने पिते. दुसऱ्या बाजूला लावले की तोंड फिरविते, रडते. दोन्हींच्या आकारातही फरक दिसू लागतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया निदान करतात की, "एका अंगाचे दूध आटले." त्यापुढचे पाऊल ठरलेले असते. बाळाला पुरत नसणार, म्हणून वरचे दूध सुरू होते. दुकानातून पावडरीचा डबा आणि बाटली येते किंवा गाईच्या दुधात पाणी घालून ते पाजले जाते. ज्या घरात पाणी उकळून घेण्याइतके सरपण आणि वेळ नाही, त्या घरात हा डबा बाळाच्या पोटात अतिसारही घेऊन येतो.

एका बाजूस दूध कमी असणे ही अगदी साधी व सार्वत्रिक गोष्ट आहे. ती रोग नव्हे, आणि बाळाला दूध अपुरे पडत असल्याचा पुरावा तर मुळीच नव्हे. ही गोष्ट कशी घडते हे समजले, तर तिच्यावरचा उपायही मातेच्या स्वतःच्या हाती आहे हे ध्यानात येते. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांनी हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गोठ्यातील अनुभव

या प्रश्नाचे अर्धे उत्तर खेड्यातील प्रत्येक गोठ्यात मिळते. गाईच्या कासेचे चार भाग असतात आणि एका भागातील दूध दुसऱ्या भागात जात नाही. दगडी होऊन एखादा सड निकामी झाला, तरी उरलेले तीन सड दूध देत राहतात. गाभण गाय विण्याच्या सुमारे दोन महिने आधी आटवावयाची असते, तेव्हा शेतकरी तिच्या धारा काढण्याचे थांबवितो. कासेत दूध साठून राहिले की नवे दूध तयार होण्याचे प्रमाण घटत जाते आणि गाय आटते. उलट वासरू वरचेवर ढुसण्या देऊन पीत असले, तर पान्हा टिकतो. "काढाल तर येईल, ठेवाल तर आटेल" हा नियम पशुपालकाला कोणी शिकवावा लागत नाही.

मातेच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. तिचे दोन स्तन ही एकाच टाकीला जोडलेली दोन तोट्यांची व्यवस्था नव्हे. त्या शेजारी शेजारी असलेल्या दोन स्वतंत्र विहिरी आहेत. ज्या विहिरीचा उपसा अधिक, तिला पाणी अधिक येते.

शास्त्र काय सांगते

दूध तयार होण्यासाठी मातेच्या शरीरात दोन संप्रेरके मुख्यत्वे काम करतात. प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीला चालना देते, तर ऑक्सिटोसिनमुळे तयार झालेले दूध पुढे ढकलले जाते, म्हणजेच पान्हा फुटतो. ही दोन्ही संप्रेरके रक्तातून वाहतात. अर्थात ती उजव्या व डाव्या बाजूस सारखीच पोचतात. म्हणूनच बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकू लागते. रक्तातून येणारी आज्ञा दोघींना सारखीच असेल, तर एका बाजूस दूध अधिक व दुसरीस कमी, हा भेद निर्माण व्हावा कसा?

या प्रश्नाचा छडा शेळ्यांवरील प्रयोगांतून लागला. शेळीच्या कासेला दोनच भाग असतात, त्यामुळे एका भागाची दुसऱ्याशी तुलना करणे सोपे जाते. स्कॉटलंडमधील एअर येथील हॅना संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात असे आढळून आले की, कासेच्या एकाच भागाची धार अधिक वेळा काढली तर त्या भागातील दूध वाढते. दुसऱ्या भागात तशी वाढ होत नाही. पुढे जाऊन संशोधकांनी काढलेल्या दुधाच्या जागी तेवढेच साखरेचे निर्जंतुक पाणी भरून पाहिले. कासेतील ताण पूर्वीइतकाच राहिला, तरीही दूध वाढले. म्हणजे दूध घटते ते केवळ कास ताणली गेल्यामुळे नव्हे. साठून राहिलेल्या दुधातच पुढील निर्मितीला आवर घालणारा काही अंश असला पाहिजे. तो बाहेर काढला की कारखाना पुन्हा वेगाने चालू लागतो.

स्त्रियांच्या बाबतीतील मोजमाप ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे प्राध्यापक पीटर हार्टमन यांच्या नेतृत्वाखाली झाले. दूध तयार होण्याचा वेग एकाच मातेच्या दोन स्तनांत वेगवेगळा असतो, आणि स्तन जितका अधिक मोकळा होईल तितके नवे दूध अधिक वेगाने तयार होते, असे या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक ते सहा महिने वयाची, केवळ अंगावर वाढणारी ७१ बाळे व त्यांच्या माता यांचा समावेश होता. चोवीस तासांत या मातांना सरासरी ७८८ ग्रॅम दूध आले. कोणाला ४७८ ग्रॅम, तर कोणाला १३५६ ग्रॅम. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष असा की, दोन्ही बाजूंचे दूध सारख्या मापाचे असणे हेच विरळा आढळले. ही बाळे नीट वाढत होती. म्हणजे दोन्हींचा समतोल हा अपवाद आहे आणि विषमता हा नियम आहे.

याच संशोधनातून आणखी एक उपयुक्त गोष्ट हाती आली. उपलब्ध दुधापैकी बाळ सरासरी ६७ टक्केच पिते; उरलेले तसेच राहते. ज्याला 'रिकामा' स्तन म्हटले जाते, तो बहुधा पूर्ण रिकामा नसतो. दूध सतत तयार होतच असते. त्यामुळे सैल लागणारी बाजू 'आटलेली' आहे असे केवळ हाताला लागण्यावरून ठरविणे चुकीचे ठरते. पहिल्या काही आठवड्यांनंतर तर दोन्ही बाजू पूर्वीइतक्या ताठर राहात नाहीत. मागणी व पुरवठा यांचा मेळ बसल्याचे ते लक्षण होय.

एकाच बाजूवर मूल वाढू शकते काय, या शंकेलाही अनुभवाने उत्तर दिलेले आहे. हाँगकाँगच्या किनाऱ्यावर नावांतून राहणाऱ्या टांका समाजातील स्त्रिया आपल्या मुलांना प्रथेने फक्त उजव्या बाजूनेच पाजीत. त्यांचा अंगरखा उजवीकडे उघडणारा असे, हे त्याचे कारण. १९७७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात या प्रथेची नोंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मुले त्या एका बाजूवर वाढली. जुळ्या मुलांच्या मातेचेही उदाहरण असेच आहे. तिच्या एकेका बाजूवर एकेक बाळ पोसले जाऊ शकते. निसर्गाने मातेला दिलेली क्षमता एका बाळाच्या गरजेपेक्षा बरीच मोठी आहे, हाच याचा अर्थ.

फरक का पडतो?

जन्मतःच दोन्ही स्तनांतील दूधग्रंथींचे प्रमाण अगदी सारखे नसते. हाताचे वा पायाचे पंजेही जसे तंतोतंत सारखे नसतात, तसेच हे आहे. या नैसर्गिक फरकात सवयीची भर पडते. उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून बहुसंख्य स्त्रिया बाळाला डाव्या हातावर घेतात. चुलीशी बसून भाकरी थापता थापता, दुसऱ्या मुलाला जेवू घालता घालता पाजावयाचे, तर सोयीची एकच बाजू वारंवार दिली जाते. रात्री मातेची एका कुशीवर निजण्याची सवय असते. पदर सावरण्याची सोय, भिंतीचा आधार, खाटेची जागा अशा बारीकसारीक गोष्टींमुळेही बाजू ठरत जाते.

द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या मातेच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. पहाटे घाईघाईत एक बाजू पाजून ती बाहेर पडते. बाळ आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी राहते. पुढे सात-आठ तास दोन्ही बाजू भरलेल्याच राहतात. सायंकाळी परतल्यावर भुकेले बाळ जिकडे धार सहज लागते तिकडेच झेपावते आणि पोट भरून झोपी जाते. दुसऱ्या बाजूचे दूध तसेच साठून राहते. असे आठ-पंधरा दिवस झाले की त्या बाजूला आवर घालणारा निसर्गनियम आपले काम करतो. माता मात्र हा दोष आपल्या प्रकृतीचा समजते.

काही वेळा आवडनिवड बाळाची असते. एका बाजूची बोंडी चपटी किंवा आत ओढलेली असल्यास बाळाला ती नीट पकडता येत नाही. एका बाजूची धार फार जोराची असल्यास ठसका लागतो, म्हणून ते ती बाजू टाळते. बाळंतपणाच्या वेळी मान आखडली असेल, गळ्याजवळच्या हाडाला इजा झाली असेल, लस टोचलेला पाय दुखत असेल किंवा कान ठणकत असेल, तर एका कुशीवर धरलेले बाळाला सोसत नाही. नाक चोंदले असले तरीही ते एका बाजूला कुरकुर करते. म्हणून बाळ एखादी बाजू नाकारते तेव्हा दूध खराब झाले किंवा दृष्ट लागली अशी समजूत करून घेण्यापूर्वी त्याची मान, हात, कान व नाक यांकडे पाहावे.

दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे?

बाळाचे पोट भरते की नाही, याची खूण मातेच्या स्तनात शोधावयाची नसून बाळातच शोधावयाची असते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि लघवीचा रंग फिका असेल, तर दूध पुरेसे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत ते जन्मवेळच्या वजनावर परत येते. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला साधारणपणे २० ते ३० ग्रॅम या गतीने वाढते आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट होते. पिताना बाळाचा घोट गिळल्याचा आवाज येणे, पिऊन झाल्यावर मुठी सैल पडणे, जागेपणी तरतरीत असणे ह्याही चांगल्या खुणा होत.

या सर्व खुणांत वजनकाटा सर्वांत विश्वासाचा. अंगणवाडीत दरमहा होणारे वजन माता व बाल संरक्षण पत्रिकेवरील आलेखात नोंदविले जाते. ती रेषा वर चढत असेल, तर दोन बाजूंपैकी एक मोठी व एक लहान असणे ही केवळ दिसण्याची बाब उरते. रेषा सपाट राहिली किंवा खाली वळली, तर मात्र दोन्ही बाजूंच्या एकूण दुधाचा विचार करून आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा. रडणे ही भुकेची एकमेव खूण नव्हे. बाळ उकाड्याने, ओल्या दुपट्यामुळे, पोटातील वाऱ्यामुळे किंवा केवळ कुशीत घ्यावे म्हणूनही रडते.

समतोल कसा साधावा?

मातेला फरक त्रासदायक वाटत नसेल आणि बाळ वाढत असेल, तर काहीही करण्याची आवश्यकता नाही. फरक कमी करावयाचा असल्यास पुढील उपाय घरच्या घरी करता येतात.

पहिला उपाय म्हणजे कमी दुधाच्या बाजूपासून सुरुवात करणे. बाळ भुकेले असताना त्याची ओढ जोराची असते; त्या ओढीचा लाभ कमी दुधाच्या बाजूला मिळाला पाहिजे. ती बाजू पिऊन झाली की दुसरी द्यावी, आणि बाळ मागत असल्यास पुन्हा पहिलीवर आणावे. बाळ फार चिडलेले असेल, तर आधी भरलेली बाजू थोडी पाजून पान्हा फुटल्यावर लगेच कमी बाजूस लावावे.

दुसरा उपाय त्या बाजूचा उपसा वाढविण्याचा. दिवसातून दोन-तीन वेळा बाळाचे पिणे झाल्यावर पाच ते दहा मिनिटे हाताने दूध काढावे. हात साबणाने स्वच्छ धुवावेत. अंगठा वरच्या बाजूस आणि बोटे खालच्या बाजूस, बोंडीभोवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवावीत. प्रथम छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे हलकेच दाबून सोडावे. कातडीवरून बोटे घासू नयेत, बोंडी पिळू नये. सुरुवातीला चार थेंबच आले तरी निराश होण्याचे कारण नाही. काढलेल्या दुधाच्या मापापेक्षा 'येथे अधिक हवे' हा निरोप पोचणे महत्त्वाचे आहे. स्वच्छ वाटीत काढलेले दूध झाकून सावलीच्या थंड जागी ठेवावे आणि उन्हाळ्याच्या दिवसांत चार तासांच्या आत वाटी-चमच्याने बाळाला पाजावे. बाटली वापरू नये.

तिसरा उपाय बाळ धरण्याच्या पद्धतीचा. बाळ एकाच कुशीवर खुश असेल, तर आवडत्या बाजूला पिऊन झाल्यावर त्याला न वळविता तसेच सरकवून दुसऱ्या बाजूला आणावे. त्याचे अंग मातेच्या काखेखालून पाठीकडे जाईल आणि डोके तिच्या तळहातावर राहील. बाळाला कूस बदलल्यासारखे वाटतच नाही. पेंगुळलेल्या अवस्थेत बाळाचा हट्ट कमी असतो. पहाटेची व रात्रीची अशी वेळ कमी दुधाच्या बाजूसाठी राखावी. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि काळसर वर्तुळाचा बराचसा भाग तोंडात असला म्हणजे पकड बरोबर आहे असे समजावे. नुसत्या बोंडीवर ओढणाऱ्या बाळाला दूध मिळत नाही आणि मातेला चिरा पडतात.

हे सर्व करताना भरलेल्या बाजूची उपेक्षा होता कामा नये. ती एकाएकी बंद केल्यास दूध तटून गाठी होतात. ती फार ताणली, तर आराम वाटेल एवढेच दूध काढावे. पूर्ण रिकामी करण्याच्या भरीस पडल्यास तिचेच उत्पादन आणखी वाढेल आणि फरक कायम राहील.

या उपायांचा परिणाम काही दिवसांत ते दोन आठवड्यांत जाणवू लागतो. तरीही थोडा फरक राहिला, तर तो स्वाभाविक मानावा. मूल अंगावरचे दूध सोडते तेव्हा आकारातील फरक बहुधा आपोआप कमी होतो.

अळीव, मेथी आणि उपास

बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खसखस, बाजरीची भाकरी देण्याची आपली रीत चांगली आहे. तिने मातेच्या शरीराची झीज भरून निघते. परंतु खाल्लेले अन्न रक्तावाटे दोन्ही बाजूंना सारखेच पोचते. कोणताही लाडू, काढा किंवा औषध एकाच बाजूचे दूध वाढवू शकत नाही. त्याचप्रमाणे मातेला पाणी कमी देणे, डाळ-भाजी वर्ज्य करणे अशा बंधनांनी दुधाचा समतोल साधत नाही. उलट मातेची शक्ती खालावते. बाळाला सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. मध, गुळाचे पाणी आणि घुटी यांनी बाळाची भूक मारली जाते, आणि भूक मारली की उपसा घटतो.

राज्यातील अनुसूचित क्षेत्रात १ डिसेंबर २०१५ पासून सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने मातेला अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देण्याची व्यवस्था करण्यात आली. सुरगाणा व पेठ हे तालुके आणि दिंडोरी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. कामासाठी गाव सोडून आलेल्या मातेचा ताटातला हा वाटा चुकू नये, याकडे दोन्ही गावांच्या अंगणवाड्यांनी लक्ष ठेवणे उचित होय.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

बहुतेक वेळा हा फरक निरुपद्रवी असला, तरी काही लक्षणांची हयगय करू नये. एका बाजूस लाली, वेदना व अंग मोडून ताप आल्यास स्तनाला सूज आली असण्याचा संभव असतो. अशा वेळी पाजणे थांबवू नये; गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, जोराने रगडू नये, आणि एक दिवसात उतार न पडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवावे. पू झाल्यास उपचाराच्या काळात ती बाजू काही दिवस बंद राहिली, तरी दुसऱ्या बाजूवर बाळाची वाढ होऊ शकते.

पाजल्यानंतरही न विरघळणारी गाठ, बोंडीतून पुन्हा पुन्हा येणारे रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, किंवा पूर्वी सुरळीत पिणाऱ्या बाळाने एकच बाजू अचानक व कायमची नाकारणे आणि तेथे गाठ लागणे, या गोष्टींची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. कर्करोगासारखे कारण क्वचितच आढळते. परंतु स्तनपान करणाऱ्या स्त्रीला तो होतच नाही असे समजू नये. तरुणपणापासून दोन्ही स्तनांत फार मोठा फरक असेल, भाजल्याचा व्रण असेल किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्या बाजूचे दूध वाढण्यास मर्यादा राहतात. अशा मातेला दोष न देता दुसऱ्या बाजूचा भरवसा द्यावा.

गावाची जबाबदारी

आपल्याला दूध नाही, हा विचार एकट्या मातेच्या मनात येतो. पण तो घालविण्याचे काम एकटीचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर राबविण्यात आलेल्या गृहभेटींच्या कार्यक्रमात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. एका बाजूची तक्रार बहुधा याच सहा आठवड्यांत सुरू होते. "दूध आहे ना?" एवढ्यावर न थांबता बाळ दोन्ही बाजूंना पिताना पाहिले, तर डब्याची गरज पडण्यापूर्वीच प्रश्न सुटतो. अडचण मोठी असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा वणी येथील ग्रामीण रुग्णालय गाठता येते.

दुधाच्या डब्याच्या प्रचाराला कायद्याने बंधन आहे. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायी पदार्थ, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांविषयीचा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालील बालकांसाठी अशा पदार्थांची जाहिरात करणे, मातांना फुकट नमुने वाटणे आणि आरोग्य केंद्रात त्यांचे फलक लावणे यांस मनाई आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सहा महिन्यांखालील शेकडा ७१ बालके निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. उरलेल्या घरांपर्यंत पोचावयाचे, तर डबा का उघडला जातो हे जाणून घ्यावे लागेल.

बागेत काम करणाऱ्या मातेला दुपारी एकदा बाळाला पाजता आले किंवा निदान हाताने दूध काढता आले, तर दोन्ही बाजू जित्या राहतात. त्यासाठी बागेच्या बांधावर झाडाखाली किंवा शेडमध्ये आडोशाची जागा, पिण्याचे व हात धुण्याचे पाणी आणि वीस मिनिटांची सवड एवढेच पुरे. फवारणीच्या दिवसांत मातेने बाळाला घेण्यापूर्वी हात व छाती पाण्याने धुऊन अंगावरचे कपडे बदलावेत, आणि पाळण्याची वा झोळीची जागा फवाऱ्यापासून दूर असावी. नोकरदार मातेला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने केली होती. रोजाने खुड्यावर येणाऱ्या स्त्रीला तशी सवड मिळणे बागायतदाराच्या समजुतीवर अवलंबून असते. ग्रामसभेत हा विषय निघाला, गावातील चार मोठ्या बागायतदारांनी तो मनावर घेतला, तर ती सवड एका हंगामात रूढ होऊ शकेल.

रायगडावर अडकलेली हिरकणी घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली जाते. बसस्थानकांतून व कार्यालयांतून मातांसाठी उघडलेल्या कक्षांना तिचेच नाव देण्यात आले आहे. द्राक्षाच्या खुड्यावरून सायंकाळी झपझप पावले टाकीत घराकडे निघालेल्या मातेला कडा उतरावयाचा नसतो. तिला दुपारची वीस मिनिटे हवी असतात, आणि घरी पोचल्यावर "दूध आटले" असे न म्हणता "आज त्या बाजूला आधी लाव" असे सांगणारे एक माणूस हवे असते.